भीतीचा बाजार आणि दुर्लक्षित लक्षण

कर्करोगाच्या धास्तीवर शस्त्रक्रियांचा व्यापार कसा फोफावतो, याचे विदारक दर्शन २०१९ मध्ये बीड जिल्ह्याने घडविले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’, हे कारण त्यांपैकी अनेकींना सांगण्यात आले होते. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखविले होते की, वैद्यकीय सेवेत विकणाऱ्याला जे ज्ञात असते ते घेणाऱ्याला नसते. मग मागणी कोण निर्माण करतो, हे वेगळे सांगावयास नको.

वस्तुतः गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग हा मुख्यत्वे रजोनिवृत्तीनंतरचा रोग होय. इस्ट्रोजेनला प्रोजेस्टेरॉनचा लगाम उरला नाही की अस्तर जाड होत जाते. स्थूलता, मधुमेह, अनियमित पाळी यांनी हा धोका वाढतो. १९७५ मध्ये अमेरिकेतील संशोधनाने केवळ इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हा रोग कित्येक पटींनी अधिक असल्याचे दाखविले, तेव्हा हे कार्यकारण स्पष्ट झाले. मात्र प्रत्येक जाड अस्तर म्हणजे कर्करोग नव्हे. पेशींत विकृती नसेल तर बहुधा प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषधांनी ते पूर्ववत होते. विकृती असेल तेव्हाच गर्भाशय काढण्याचा विचार प्रामुख्याने करावा लागतो. हा भेद ठरतो तो अस्तराचा तुकडा तपासल्यावर, केवळ सोनोग्राफीच्या कागदावर नव्हे.

आता दुसरी बाजू पाहावी. पेठ-सुरगाण्याची किंवा नाशिक शहरातील एखादी साठीची स्त्री ‘पाळी परत आली’ म्हणून गप्प बसते. या रोगाच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत हाच रक्तस्राव पहिली सूचना देतो, आणि वेळीच निदान झाल्यास बहुसंख्य स्त्रिया बऱ्या होतात. पण तपासणीसाठी एस. टी.चे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या मुलाची रजा, हा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तर प्रामुख्याने शस्त्रक्रिया व उपचारांच्या पॅकेजभोवतीच उभी आहे. कापण्यास पैसा आहे, पाहण्यास नाही!

गंमत अशी की, आशा कार्यकर्ती तिशीपुढील स्त्रियांसाठी जी प्रश्नावली भरते, तीत रजोनिवृत्तीनंतरच्या रक्तस्रावाचा प्रश्न आहेच. परंतु सरकारी तपासणी मोहीम तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची. गर्भाशयमुख निर्दोष दिसले म्हणून आतील अस्तर निरोगी ठरत नाही. तेव्हा ‘होय’ असे उत्तर देणाऱ्या स्त्रीला थेट जिल्हा रुग्णालयात पाठवून तिची अस्तर-तपासणी मोफत व्हावी आणि येण्याजाण्याचे भाडे मिळावे, एवढी तजवीज अशक्य नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय ज्या नाशकात आहे, तेथून तिचा आरंभ व्हावयास हरकत नसावी.

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचे आदेश राज्यांना दिले. त्यांचा हिशेब जिल्हावार प्रसिद्ध व्हावयास हवा: किती गर्भाशये काढली, स्त्रीचे वय काय होते, आणि त्यापूर्वी अस्तराचा तुकडा किती जणींचा तपासला होता.