नस जाळली, पण गोळी बंद नको!

“डॉक्टर, पुण्याला जाऊन हृदयातली नस जाळून आलो. ठोके सरळ झाले. आता गोळ्या कशाला?” वेल्ह्याकडच्या एका वाडीतले आजोबा भातलावणीच्या दिवसांत मला सांगत होते. वय सत्तरीपुढे, जोडीला रक्तदाब आणि मधुमेह. रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांनी परस्पर थांबवली होती. ती मी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. सुदैवाने उशीर झाला नव्हता.

हा गैरसमज समजून घ्यायला हवा. हृदयाचा डावीकडचा वरचा कप्पा म्हणजे डावे अलिंद. फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त तो खालच्या कप्प्यात ढकलतो. एट्रियल फिब्रिलेशन या आजारात तो आकुंचन न पावता नुसता थरथरतो. नाडी वेडीवाकडी लागते, धाप लागते. कप्प्याच्या कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त साचून गुठळी होते. ती मेंदूत गेली की अर्धांगवायू!

1998 मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी दाखवून दिले, की हा गोंधळ बहुधा फुप्फुसांतून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होतो. म्हणून जांघेतल्या शिरेतून बारीक नळी नेऊन त्या तोंडांभोवती उष्णतेने किंवा गारव्याने व्रणाचे कडे करतात. व्रणातून वीज पुढे जात नाही. ठोके नियमित राहिले, तर ताणलेला कप्पा काही महिन्यांत थोडा आक्रसतो, त्याची ताकदही सुधारते.

पण व्रण झालेला भाग आकुंचन पावत नाही. वर्षानुवर्षे ताणून जून झालेला कप्पा पूर्ववत होईलच असे नाही. तिथे आजार उलटण्याची शक्यताही जास्त. म्हणून गोळी किमान दोन-तीन महिने सर्वांनाच घ्यावी लागते. पुढे ती चालू ठेवायची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा झटका यांवरून ठरते. नाडी सरळ झाली यावरून नव्हे.

आपल्याकडे आणखी एक प्रकार आढळतो. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने झडप अरुंद झालेल्या स्त्रिया. त्यांचा कप्पा झडपेमुळे फुगतो, त्यामुळे आधी झडपेचा इलाज हवा. त्यांच्यासाठी जुनी वॉरफेरीनच चांगली. भारतासह 24 देशांतील सुमारे साडेचार हजार रुग्णांवरील अभ्यासात 2022 मध्ये हेच दिसले. तिचे प्रमाण पाहण्यासाठी रक्ताची आयएनआर तपासणी मात्र चुकवू नये.

माझे स्पष्ट मत असे : लाखांचा खर्च करून पुण्याला जाणे काहींना जरूर लाभते, पण कप्पा फुगण्याआधी गेले तर. आणि आजार लवकर सापडणार कुठे? इथेच, आपल्या गावात. रक्तदाबाचे यंत्र आकडा दाखवते, म्हणून आम्ही डॉक्टर मनगटाला हात लावायचे विसरत चाललो आहोत. साठीपुढच्या प्रत्येकाची नाडी दवाखान्यात आणि उपकेंद्रात अर्धा मिनिट बोटांनी पाहावी. ती बेताल वाटली तर त्याच दिवशी कार्डिओग्राम काढावा.

वाचकहो, पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे मनगट तुम्हीच पुढे करा. या तपासणीला पैसा पडत नाही.