चावडीतला कबुलीजबाब



स्मरणिकेच्या या पानावर वर्षभरातील कार्याचा आढावा घेण्याचा आपला प्रघात आहे. यंदा तो आढावा सरचिटणीसांच्या अहवालात सविस्तर आलेला असल्यामुळे हे पान आम्ही दुसऱ्या एका विषयासाठी घेत आहोत. विषय अप्रिय आहे. परंतु तो बाहेरून आलेला नाही, आपल्याच पंगतीत निघाला आहे.

गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमानंतर भोजनाच्या वेळी मुंबईच्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्याची गोष्ट निघाली. सारे आरोपी सुटले याचा अनेकांना संताप होता. आपल्यातील एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "दहशतवाद्याला कसले आलेत हक्क? उलटा टांगला की सगळं ओकतो." बऱ्याच माना डोलल्या. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने मात्र विचारले, "काका, तो दहशतवादी आहे हे टांगायच्या आधी कोणी ठरवलं?" कोणी उत्तर दिले नाही. चहा आला आणि बोलणे मुलांच्या नृत्याकडे वळले. तो प्रश्न तसाच राहिला, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या अमेरिकेत आपण घरे बांधली, त्या देशाने हाच वाद ११ सप्टेंबर २००१ नंतर अनेक वर्षे घातला. सुमारे तीन हजार माणसे एका सकाळी मारली गेली होती आणि लोकांच्या मनात खरी भीती होती. आपल्या कुटुंबांनाही ती होती. शिवाय आपल्या वर्णाच्या माणसांना दुसरीही एक भीती होती. हल्ल्यानंतर चारच दिवसांनी अॅरिझोनातील मेसा गावी एका शीख पेट्रोलपंप चालकाला केवळ पगडी आणि दाढी पाहून गोळी घालण्यात आली, हे आपण विसरलेलो नाही. त्याच काळात कायद्याचे नामांकित प्राध्यापक अॅलन डर्शोविट्झ यांनी असा विचार मांडला की, शहरात बॉम्ब पेरलेला आहे, घड्याळाचा काटा फिरतो आहे आणि ठिकाण ठाऊक असलेला माणूस हाती आहे, अशा वेळी यातना दिल्या जाणारच. तेव्हा निदान न्यायाधीशाच्या वॉरंटने त्या द्याव्यात. हा विचार मूर्खाचा नव्हता आणि त्याची नुसती टर उडविणे आम्हाला योग्य वाटत नाही. लपूनछपून होणाऱ्या गोष्टीची जबाबदारी कोणावर तरी निश्चित व्हावी, हा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे.

परंतु त्या दृष्टान्तात सारे आधीच ठरलेले असते. बॉम्ब आहे हे ठरलेले, माणूस तोच हे ठरलेले, तो खरे बोलेल हेही ठरलेले. प्रत्यक्षात काय घडले ते पाहावे. १ ऑगस्ट २००२ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्यातील वकिलांनी एक टिपण तयार केले. एखादा अवयव निकामी होताना किंवा मरताना जितकी वेदना होते तितकी झाली, तरच त्याला कायद्याने यातना म्हणावे, असा अर्थ त्यात काढलेला होता. त्याच महिन्यात अबू झुबैदा या कैद्याला फळीला बांधून, तोंडावर फडके टाकून, त्यावर पाणी ओतून गुदमरविण्याचा प्रकार निदान ८३ वेळा झाला. अल् कायदाचा हा बडा नेता, असे तेव्हा सांगितले गेले. पुढे तो त्या संघटनेचा सभासद होता हा दावाच सरकारने सोडून दिला. त्याच्यावर आरोपपत्र आजवर दाखल झालेले नाही.

दुसरे उदाहरण याहून भयंकर, कारण त्याचे परिणाम एका देशाला भोगावे लागले. इब्न अल्-शेख अल्-लिबी नावाच्या कैद्याला चौकशीसाठी इजिप्तच्या हवाली करण्यात आले. तेथे त्याने सांगून टाकले की, इराकने अल् कायदाच्या माणसांना रासायनिक आणि जैविक अस्त्रांचे शिक्षण दिले. ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीसमोर, नाव न घेता, याच जबानीचा आधार घेतला. मार्च महिन्यात युद्ध सुरू झाले. २००४ साली लिबीने जबानी मागे घेतली. मार चुकविण्यासाठी आपण ऐकणाऱ्यांना हवे ते सांगितले, असे त्याचे म्हणणे होते. तोवर बगदाद पडून कित्येक महिने लोटले होते.

डिसेंबर २०१४ मध्ये सिनेटच्या गुप्तचरविषयक समितीने आपल्या अहवालाचा सारांश प्रसिद्ध केला. सी.आय.ए.ने ११९ माणसे कोठडीत ठेवली होती आणि त्यांपैकी निदान २६ माणसे तिच्या स्वतःच्या निकषांप्रमाणेही धरावयास नको होती, असे त्यात नमूद आहे. या पद्धतींनी उपयुक्त माहिती मिळत नाही, असा समितीचा निष्कर्ष होता, सी.आय.ए.च्या माजी प्रमुखांनी तो अमान्य केला. आम्हाला अधिक अस्वस्थ केले ते त्याच महिन्यातील प्यू संस्थेच्या जनमत चाचणीने. अहवाल प्रसिद्ध झाल्यावरही ५१ टक्के लोकांनी त्या पद्धती समर्थनीय ठरविल्या. विरोधात २९ टक्केच होते. आपल्या पंगतीत डोललेल्या माना त्या ५१ टक्क्यांतल्याच. व्हिएतनाममध्ये स्वतः युद्धकैदी म्हणून यातना सोसलेले सिनेटर जॉन मॅक्केन मात्र आपल्याच पक्षातील अनेकांविरुद्ध उभे राहिले आणि २०१५ साली चौकशीच्या पद्धतींवर कायद्याने बंधन घालण्याची दुरुस्ती सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २१ मतांनी संमत झाली.

एवढ्यावर थांबून "यातना देऊन सत्य मिळत नाही" असे म्हणणे सोपे आहे. आमचा आक्षेप तेवढाच नाही. उद्या एखाद्याकडून खरी माहिती निघालीही, तरी अशी मुभा कोणाच्या शरीरावर वापरली जाते, हा प्रश्न उरतोच. १९३४ साली मिसिसिपी राज्यात एका गोऱ्या जमीनदाराच्या खुनाबद्दल तीन काळ्या कुळांना धरले. एकाला दोराने झाडाला टांगले, दोघांना बकल असलेल्या पट्ट्याने पाठीची सालटी निघेपर्यंत मारले, आणि कबुलीजबाब मनाजोगा होईपर्यंत मार चालू ठेवला. मारणाऱ्या शिपायाने न्यायालयात हे नाकारले नाही. काळ्या माणसाला हा मार काही फार नव्हता, अशा अर्थाचे तो बोलला. तरीही तिघांना फाशीची शिक्षा झाली. ती १९३६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने रद्द केली. हे शिपाई कोणत्याही दहशतवाद्याच्या शोधात नव्हते. शिकागोत १९७२ ते १९९१ या काळात जॉन बर्ज या पोलीस अधिकाऱ्याने आणि त्याच्या हाताखालच्यांनी शंभराहून अधिक माणसांचा, बहुतेक सारे काळेच, विजेचे धक्के देऊन आणि डोक्यावर पिशवी घालून छळ केला. २०१५ साली त्या शहराने ५५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली आणि हा इतिहास सरकारी शाळांतील आठवी व दहावीच्या वर्गांत शिकविण्याचे ठरविले. अमेरिकेतील शहराने असे करण्याची ती पहिलीच वेळ.

आपल्या देशात याहून वेगळे नाही. कंपनी सरकारच्या काळात, १८५५ साली, मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने महसूल आणि पोलीस खात्यांतील प्रकार उघड केले. पोलिसापुढील कबुलीजबाब पुराव्यात धरू नये, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातील २५ वे कलम अशाच अनुभवांतून आले. ते आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही टिकून आहे. संविधान सिद्ध होत असताना बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये जे कलम घटना समितीपुढे आणले, ते आज बाविसावे आहे. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, त्याला वकील मिळावा, या गोष्टी फौजदारी कायद्यात होत्याच. परंतु कोणत्याही विधिमंडळाला त्या सहजी काढून टाकता येऊ नयेत म्हणून त्या संविधानात घालाव्यात, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धताही आहे आणि बाबासाहेबांनी तिचे समर्थन केले होते, हे आम्ही लपवू इच्छित नाही. राज्याला शत्रू असतात, हे त्यांना कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती. परंतु आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येणार नाही, या विसाव्या कलमातील तरतुदीला "दहशतवादी वगळून" असा अपवाद जोडलेला नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तर आणीबाणीतही हे कलम तहकूब करता येणार नाही असे ठरले.

अपवाद मागाहून आले. १९८७ च्या टाडा कायद्याने पोलीस अधीक्षकापुढचा कबुलीजबाब ग्राह्य केला. तो कायदा १९९५ साली संपला, पण महाराष्ट्राने १९९९ च्या मोक्का कायद्यात तीच तरतूद केली. आणि आता त्या खटल्याकडे यावयाचे, ज्यावरून आपल्या पंगतीत वाद झाला. ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले, १८९ माणसे गेली. २०१५ साली मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरविले. कबुलीजबाबांतील काही भाग एकमेकांची नक्कल असल्यासारखे आहेत आणि ते मिळविण्यासाठी छळ झाल्याचे आरोपींनी दाखवून दिले आहे, असे न्यायालयाने म्हटले. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही, मात्र अन्य खटल्यांत या निकालाचा दाखला घेऊ नये असे सांगितले. एकोणीस वर्षे गेली. १८९ कुटुंबांच्या हाती काय आले? "वकिलांनी सोडवले" असे पंगतीत कोणी म्हणाले. आमच्या मते कोठडीत जे झाले त्याने खटला पोखरला. ग्वांतानामोत तेच दिसते. ११ सप्टेंबरच्या मुख्य आरोपींवरील खटला छळाने डागाळलेल्या पुराव्याच्या वादात अडकला, आणि शिक्षेबाबत झालेली तडजोडही जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने मोडीत काढली.

परभणीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या बंदात पकडलेला, कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद झाली. शासनाने मारहाण नाकारली. अखेर जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला व सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. हा तरुण दहशतवादी असल्याचे कोणीही म्हटलेले नव्हते.

ज्या सम्राटाचे चक्र आपल्या राष्ट्रध्वजावर आहे, त्याने कलिंगात धौली आणि जौगड येथे कोरविलेल्या आज्ञेत नगरातील न्यायाधिकाऱ्यांना बजावले आहे की, लोकांना विनाकारण बंधन आणि विनाकारण क्लेश होता कामा नयेत. आणि ते पाहण्यासाठी दर पाच वर्षांनी अधिकारी पाठविण्याची व्यवस्था केली आहे. नुकत्याच जिंकलेल्या, अजून शत्रूच असलेल्या प्रदेशातील ही आज्ञा. आपल्या व्याख्यानांत अशोकाचे नाव पुष्कळ येते, हा लेख मात्र क्वचितच येतो.

भारताने राष्ट्रसंघाच्या छळविरोधी करारावर ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली, परंतु त्याला मान्यता अद्याप दिलेली नाही. अमेरिकेने ती १९९४ सालीच दिली होती, तरी वर वर्णिलेले सारे घडले. लोकसभेने २०१० साली संमत केलेले छळप्रतिबंधक विधेयक राज्यसभेत अडकून बारगळले. विधी आयोगाने २०१७ साली पुन्हा शिफारस केली, तिचेही पुढे काही झाले नाही.

त्या भोजनानंतर तीन आठवड्यांनी त्याच वडीलधाऱ्या गृहस्थांचा आम्हाला दूरध्वनी आला. मत बदलले असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी वडिलांची एक हकीकत सांगितली. गावात पाटलाचे बैल मेले. महारांनी विष घातले असा बोभाटा झाला आणि वडिलांना चावडीत नेले. दुसऱ्या दिवशी दुपारी वडिलांनी "होय, मी घातले" असे सांगितले. बैल रोगाने मेले होते हे पुढे आठवड्याभरात गावभर गुरे मरू लागली तेव्हा कळले. वडील त्यानंतर चावडीसमोरून कधी गेले नाहीत, लांबच्या वाटेने जात. ही हकीकत छापण्यास त्यांनी परवानगी दिली, नाव घालू नका एवढेच सांगितले.

ज्यांना आमचे म्हणणे पटलेले नाही त्यांनी अवश्य लिहावे. आलेली पत्रे पुढील वर्षीच्या स्मरणिकेत एक शब्दही न गाळता छापली जातील. त्या मुलीचा लेख याच अंकात आहे.

– संपादक मंडळ