विषय आपला, पण खेळ?

मराठी मध्यमवर्गीय घरात व्हिडिओ गेम या विषयावर बोलणे होते ते दोनच निमित्तांनी. मुलाच्या चष्म्याचा नंबर वाढला म्हणजे, किंवा सहामाही परीक्षेचे गुण हाती आले म्हणजे. नाटकाचे परीक्षण होते, चित्रपटाचे होते, दिवाळी अंकांचेसुद्धा होते; परंतु ज्या माध्यमात घरातील तरुण मुलगा आठवड्याचे कित्येक तास घालवतो त्यात नेमके काय दाखवले जाते, ते चांगले वठले आहे की नाही, याविषयी वडीलधारी मंडळी बहुधा अनभिज्ञ असतात. सार्वजनिक चर्चाही दोन टोकांमध्ये हेलकावे खाते. अमुक खेळावर बंदी घाला, ही मागणी एका टोकाला. आणि पडद्यावर देवदेवता किंवा सैनिक दिसले की टाळ्या पिटणे दुसऱ्या टोकाला. खेळ म्हणून तो कसा आहे, हा प्रश्न मधल्यामध्ये राहून जातो. गेल्या पाच-सहा वर्षांत आलेल्या काही खेळांकडे पाहिले, तर राहून गेलेला हा प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा असल्याचे ध्यानात येते.

प्रारंभ 'फौजी'पासून करणे प्राप्त आहे. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवानांनी हौतात्म्य पत्करले. त्याच वर्षी २ सप्टेंबरला केंद्र शासनाने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाइल होता. पुढच्या दोनच दिवसांत बंगळुरूच्या एनकोअर गेम्सने 'फौजी'ची घोषणा केली. निव्वळ उत्पन्नातील वीस टक्के वाटा 'भारत के वीर' निधीला देण्याचे जाहीर झाले आणि २६ जानेवारी २०२१ रोजी खेळ बाजारात आला. देशभर उत्साहाचे वातावरण होते. मात्र खेळणाऱ्यांनी दिलेले गुणांकन काही दिवसांतच घसरले. त्यामागे कोणाचे कारस्थान शोधण्याची आवश्यकता नव्हती. गलवानला गोळीबार झाला नव्हता, म्हणून खेळात बंदूक नसणे यथार्थच होते. परंतु सैनिकाने चालत जावे, शत्रूची टोळी यावी, दोन-तीन बटणे आलटून-पालटून दाबून तिला लोळवावे, शेकोटीपाशी बसून ताकद भरून घ्यावी आणि पुन्हा चालू लागावे, एवढ्यावरच सारा डोलारा उभा होता. त्या उंचीवरची विरळ हवा, हाडे गोठवणारे नदीचे पाणी, अंधारात सोबत्याला मारलेली हाक, यांतले काहीही खेळणाऱ्याला जाणवत नव्हते. ज्या प्रसंगाचे नाव घ्यायचे, त्या प्रसंगाच्या तोलाचे काम करून दाखवावे लागते. ते न करता केवळ नावावर टाळ्या मिळवणे हा त्या वीस जणांचा सन्मान कसा म्हणावा?

देवदेवतांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होतो. २००९ साली प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी हैदराबादमध्ये तयार झालेला 'हनुमान : बॉय वॉरिअर' आला, तेव्हा देवतेचे नियंत्रण खेळणाऱ्याच्या हाती देणे अवमानकारक आहे, असा आक्षेप घेतला गेला. आक्षेपामागची भावना समजण्याजोगी आहे. तथापि देवाची भूमिका माणसाने करणे आपल्या परंपरेला परके नाही. सिंधुदुर्गातील दशावतारात रात्री विष्णू झालेल्या नटापुढे प्रेक्षक हात जोडतात, आणि सकाळी तोच नट पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट धरतो. तिथे कोणाला अवमान वाटत नाही, कारण रंग चढवण्यापासून आरतीपर्यंत प्रत्येक गोष्टीमागे शिस्त आणि भाव असतो. म्हणजे आक्षेपाचे खरे ठिकाण भूमिका करण्यात नसून ती कोणत्या गांभीर्याने केली जाते, यात आहे. 'हनुमान' त्या कसोटीला फिका पडला, आणि परीक्षकांनीही त्याला सामान्यच ठरवले.

अकरा वर्षांनी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' आणला, तेव्हा या प्रश्नाला एक सुज्ञ उत्तर मिळाले. ऑगस्ट २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या खेळात खेळणारा दुर्गा होत नाही, विष्णूही होत नाही. तो राजी नावाची एक सर्कशीत वाढलेली मुलगी होतो. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात ती निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूकृपेने धनुष्य मिळते, आणि ही दोन दैवते वरून तिची धडपड पाहत आपसांत बोलत राहतात. तेच कथेचे निवेदक. देवत्वाला हात न लावता देवांचे सान्निध्य साधणारी ही योजना खरोखर कौतुकास्पद आहे. राजस्थानी वाड्या-किल्ल्यांची वास्तुकला, पहाडी चित्रांतील रंग आणि कथेचे दुवे सांगणाऱ्या छायाबाहुल्या यांनी पडदा सजतो. कुडाळजवळच्या पिंगुळीला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना दिव्यामागे हलणाऱ्या त्या आकृत्यांची ओळख पटेल. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली, हे येथे सहज आठवते.

लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा या मंडळींचा २०१७मधील प्रयत्न असफल झाला होता. तरीही खेळ पूर्ण झाला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोहोचला. म्हणून 'राजी'चे दोष झाकावेत काय? मुळीच नाही. लढाईची हालचाल जड आहे, वार करताना पात्र क्षणभर अडखळते, आणि पाच-सहा तासांत कथा अशी तुटते की पुढचे पान फाटले असावे. परीक्षकांनी हे स्पष्टपणे लिहिले, आणि ते लिहिणे योग्यच होते. २०२२च्या सुधारित आवृत्तीत लढाईत दुरुस्त्या झाल्या, प्रकाशयोजना सुधारली, हिंदी संवाद आले. टीकेला मान दिला की काम कसे पुढे जाते, त्याचा हा नमुना होय.

याच संदर्भात चीनच्या 'ब्लॅक मिथ : वुकाँग'कडे पाहणे उद्बोधक ठरते. २० ऑगस्ट २०२४ रोजी हा खेळ आला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. स्टीम या विक्रीमंचावर एका वेळी चोवीस लाखांहून अधिक लोक तो खेळत होते. त्याचा आधार म्हणजे सोळाव्या शतकातील 'पश्चिमेची यात्रा' ही कादंबरी. ही पश्चिम म्हणजे भारत. बौद्ध ग्रंथ आणण्यासाठी निघालेला भिक्षू आणि त्याचा पराक्रमी वानर-साथी यांची ही कथा. त्या भिक्षूचे मूळ असलेला ह्युएन त्सांग सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात आला होता आणि इथल्या लोकांच्या स्वाभिमानाविषयी, कृतज्ञतेविषयी व सूड घेण्याच्या वृत्तीविषयी त्याने लिहून ठेवले आहे. वानर-वीराचे नाते हनुमंताशी आहे काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. चीनमधील हू शी यांनी मात्र तसे प्रतिपादन केले होते.

या खेळातही खेळणारा स्वतः वुकाँग नसतो. त्याच्या मागोमाग जाणारा, त्याचे गुण मिळवू पाहणारा एक वानर असतो. 'राजी'ने जी युक्ती योजली, तिचीच ही दुसरी तऱ्हा. पण खरी नजर खिळते ती तयारीवर. निर्मात्यांनी शान्शी प्रांतातील आणि अन्य ठिकाणची मंदिरे, मूर्ती, लाकडी तुळया यांचे यंत्राने मोजमाप घेऊन त्या जशाच्या तशा खेळात उभ्या केल्या. दुसऱ्या प्रकरणात वाळवंटी टेकडीवर एक शिरविरहित वादक तीन तारांचे वाद्य घेऊन उत्तर शाआन्शीच्या लोककथनशैलीत गात बसलेला भेटतो. आपल्याकडे एखाद्या आंतरराष्ट्रीय खेळात तुणतुण्यावर शाहीर उभा राहावा, तसा तो प्रसंग आहे. अनुवादाची पर्वा न करता निर्मात्यांनी तो तसाच ठेवला आणि जगाने तो ऐकला. खेळानंतर शान्शीतील मंदिरांकडे पर्यटकांची रीघ लागली.

वुकाँगही निर्दोष नाही. वाट मोकळी दिसते आणि पात्र अदृश्य भिंतीवर आपटते. २०२४मध्ये खेळ आला तेव्हा नकाशा नसल्याने अरण्यात भटकावे लागत असे. मूळ कादंबरी न वाचलेल्याला अर्धी पात्रे कोण, हे उमगत नाही. लढती इतक्या कठीण की सामान्य माणूस कंटाळून उठेल. शिवाय चीनसारख्या राजवटीत असा खेळ राष्ट्राच्या प्रतिमेसाठी वापरला जातो, हेही विसरून चालणार नाही. पण खेळणारा त्या जगात रमतो तो सरकारी प्रचाराने नव्हे. दगडावरचे शेवाळ, घंटेचा नाद आणि काठीचा फटका अचूक असल्यामुळे रमतो.

आपली गोष्ट परक्याने सांगितली तर काय होते, याची दोन्ही उत्तरे जपानने अनुभवली आहेत. १२७४च्या मंगोल स्वारीवरचा 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' २०२०मध्ये एका अमेरिकी संस्थेने केला. तो त्या बेटावरच्या लोकांना इतका भावला की तेथील महापौरांनी त्याच्या दोन दिग्दर्शकांना पर्यटनदूत नेमले. उलट मार्च २०२५मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' आला, तेव्हा खऱ्या देवस्थानाची खेळात मोडतोड करता येते यावरून प्रश्न थेट जपानी संसदेत गेला. पंतप्रधान इशिबा यांना उत्तर द्यावे लागले, आणि कंपनीने मंदिरांतील वस्तू फुटणार नाहीत अशी दुरुस्ती केली. जपानने खेळावर बंदी घातली नाही. मर्यादा स्पष्ट केली, ती पाळली गेली, विषय संपला.

पुण्याच्याच सुपरगेमिंगने १६ ऑक्टोबर २०२४ रोजी 'इंडस' आणला. शेवटचा उरेल तो विजयी, या पठडीतला हा बंदुकीचा खेळ; त्याची पार्श्वभूमी भविष्यातील भारतीय सभ्यतेची. सगळ्यांना ठार न करता 'कॉस्मियम' नावाचे द्रव्य ताब्यात घेऊनही जिंकता येते, ही त्यातील नवी कल्पना चांगली आहे. पण बाकी पोशाख, नावे, कमानी भारतीय आणि खेळाची हाडे मात्र परदेशी खेळांचीच. पोशाख बदलून विकण्यावर ज्या धंद्याचे गणित चालते, तिथे संस्कृतीही एक पोशाख होऊन बसण्याचा धोका असतो. जुलै २०२५मध्ये शिवकाळाशी निगडित बारा किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. त्यांवर खेळ निघतील यात शंका नाही. ते भगव्या झेंड्याचे चित्र चिकटवलेले गोळीबाराचे खेळ असतील काय? रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी बांधणी पाहा. दरवाजा दोन बुरुजांच्या कवेत असा लपवला आहे की शत्रूला तो दुरून दिसत नाही, समोरून तोफ लावता येत नाही, हत्तीला धडक द्यायला धाव मिळत नाही. ही योजना खेळणाऱ्याला स्वतःच्या चुकीतून कळली पाहिजे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या पोराला हे समजते. संगणकावर काम करणाऱ्या अभियंत्याला ते समजायला हरकत नसावी.

भव्यतेच्या या साऱ्या गोष्टींत एक लहानसा खेळ निसटून जाऊ नये. टोरांटोच्या विसाई गेम्सने ३१ जुलै २०२३ रोजी आणलेल्या 'वेन्बा'त तलवार नाही, असुर नाही. ऐंशीच्या दशकात कॅनडात गेलेले तमिळ दांपत्य, त्यांचा कविन हा मुलगा, आणि आईने दिलेली पाककृतींची जीर्ण वही. वहीतील ओळी पुसल्या आहेत. इडलीपात्राची ताटे एकावर एक कशी ठेवली म्हणजे वाफ वर चढेल, हे खेळणाऱ्याने शोधायचे. दरम्यान मुलगा शाळेत जातो, डब्यातील पदार्थांची लाज बाळगू लागतो, आईच्या तमिळ प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतो. कोणीही भाषण करीत नाही. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा जो प्रश्न सोडवू पाहतात, तो इथे स्वयंपाकघरात उभा राहतो. २०२४मध्ये पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार त्याला मिळाला. खेळ दीड-दोन तासांतच संपतो, याबद्दल अनेकांनी नाराजी व्यक्त केली आणि ती रास्त आहे. कविनचे तारुण्य फार घाईने उरकले आहे.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-क्रीडेला वेगळे स्थान दिले. जुगार आणि खेळ यांतली रेघ ओढली गेली, हे उत्तम झाले. पण कायदा जुगार अडवील; बरा खेळ कोणता, ते तो सांगणार नाही. ते घरातच ठरवावे लागेल, आणि त्यासाठी आधी मुलाशेजारी खुर्ची ओढून बसावे लागेल. वुकाँग लहान मुलांसाठी नाही, तो हिंसक आहे. 'राजी' आठवी-नववीच्या मुलामुलींना झेपेल. 'वेन्बा' मात्र आजीला सोबत घेऊन खेळावा. इडलीच्या प्रकरणात तिची मदत लागतेच.