फुलं गळली म्हणून काय झालं?

प्रमोशन झालं, नवा फ्लॅट घेतला, साखरपुडा ठरला, की हल्ली बुकेच्या जागी ऑर्किड येतं. पारदर्शक कुंडी, वरून चकचकीत कागद, सॅटिनची रिबन आणि एका लांब दांड्यावर ओळीने बसलेली पांढरी-जांभळी फुलं. एकदम क्लासी! पहिले दोन महिने ड्रॉइंगरूममध्ये त्याचाच भाव. येणारा प्रत्येक जण पाकळीला बोट लावून विचारतो, ‘खरं आहे की प्लास्टिकचं?’ मग एक दिवस पहिलं फूल गळतं. बघता बघता दांडा रिकामा होतो, खाली चार-पाच जाड पानं उरतात आणि घरात एकमताने निकाल लागतो, ‘गेलं बिचारं!’ कुंडीची रवानगी कचऱ्याच्या डब्याशेजारी.

थांबा बॉस! ते गेलेलं नाहीये. मोहोर झडला म्हणून कुणी आंब्याचं झाड तोडतं का? ऑर्किडचंही तसंच आहे. फुलं हा त्याच्या वर्षातला एक सीझन. तो संपला की ते पानं आणि मुळं वाढवायला लागतं. तेवढे महिने धीर धरलात, तर पुढच्या वर्षी तेच झाड पुन्हा फुलतं. त्याच्या पुढच्याही वर्षी.

माझ्या एका मैत्रिणीच्या खराडीतल्या ऑफिसात महिला दिनाला प्रत्येकीला एकेक ऑर्किड मिळालं होतं. मे महिन्यापर्यंत बहुतेक कुंड्या पॅण्ट्रीच्या कोपऱ्यात जमा झाल्या. हाउसकीपिंगच्या मावशींनी त्यातल्या सात उचलून घरी नेल्या आणि पत्र्याच्या पडवीत, सावलीला टांगल्या. पुढच्या फेब्रुवारीत त्यातली पाच फुलली. मैत्रिणीने विचारलं, ‘मावशी, असं काय केलंत?’ उत्तर आलं, ‘काय बी नाय ताई. जित्तं व्हतं, मग टाकायचं कशाला?’

या दोन वाक्यांत ऑर्किडचा अख्खा फंडा आहे. फक्त ‘काय बी नाय’ म्हणजे नेमकं काय, ते जरा समजून घेऊ.

मातीशी कट्टी

गिफ्ट म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस. १८२५ मध्ये ब्लूम नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेल्या या नावाचा अर्थ ‘पतंगासारखं दिसणारं’. हे मूळचं आग्नेय आशियातल्या दमट जंगलांतलं. तिथे ते मातीत उगवत नाही, झाडाच्या खोडाला धरून राहतं. पण ते बांडगूळ नव्हे हं! बांडगूळ झाडाचा रस शोषतं, ऑर्किड फक्त जागा वापरतं. पेइंग गेस्ट म्हणा ना, स्वतःचा डबा स्वतः आणणारा.

त्याच्या जाड मुळांवर स्पंजसारखं पांढुरकं आवरण असतं. पावसाची सर आली की ते पाणी पिऊन घेतं, सर गेली की वाऱ्यावर सुकतं. भिजणं आणि सुकणं, दोन्ही हवं. म्हणूनच ‘कुठे कोळशात ठेवायचं, मस्तपैकी काळी माती आणि शेणखत घालू’ असं म्हणत लाड केलेत, तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. घरातली बरीच ऑर्किडं तहानेने नाही, अशा लाडाने मरतात.

कुंडीत भरायचे ते लोणारी कोळशाचे आणि विटांचे सुपारीएवढे तुकडे, नारळाच्या सोडणाचे चौकोनी काप किंवा नर्सरीत मिळणारी पाइनची साल. सोडणाचे काप आधी रात्रभर भिजवा आणि दोन-तीनदा पाणी बदलून घ्या. साधारण दोन वर्षांनी हे सगळं मऊ पडून त्याचा भुगा व्हायला लागतो. मग फुलांचा सीझन संपल्यावर कुंडी बदला. मऊ, पोकळ, तपकिरी मुळं कापा, टणक मुळं ठेवा. कात्री आधी गॅसवर तापवून, गार करून घ्यायला विसरू नका. आणि कुंडीबाहेर हवेत भटकणारी मुळं कापायची किंवा दाबून आत कोंबायची नाहीत. ती तशीच असतात!

पाणी: कॅलेंडर नको, मुळं बघा

‘आठवड्यातून किती वेळा पाणी घालू?’ हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. उत्तर कुंडीतच दिसतं. ती उगाच पारदर्शक नसते! मुळं हिरवी दिसतायत, म्हणजे पोट भरलंय. रुपेरी-राखाडी झाली, की तहान लागली. पुण्यात एप्रिलमध्ये आठवड्यातून दोनदा पाणी लागेल, मुंबईत जुलैमध्ये आठ दिवसांतून एकदाही पुरेल.

पाणी द्यायचं ते सकाळी. कुंडी दहा मिनिटं बादलीत बुडवा, बाहेर काढून पूर्ण निथळू द्या आणि मग जागेवर ठेवा. पानांच्या मधल्या खाचेत पाणी साचलं असेल तर टिश्यूने टिपून घ्या. तिथे रात्रभर पाणी राहिलं तर झाडाचा शेंडाच कुजतो आणि फॅलेनॉप्सिसला वाढायला शेंडा एकच असतो. दुसरा व्हिलन म्हणजे बाहेरची शोभेची कुंडी. तिला खाली भोक नसतं, तळाशी पाणी तुंबतं आणि वरून सगळं मस्त दिसत राहतं.

खताचाही अतिरेक नको. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, पंधरा दिवसांतून एकदा, तेही आधी मुळं भिजवून. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढा, म्हणजे साचलेले क्षार निघून जातात. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने पुसून टाका.

जागा कुठली?

पूर्वेची खिडकी बेस्ट. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं पानं भाजतं. पानांचा रंग हाच तुमचा लाइट मीटर. गडद, काळपट हिरवी पानं म्हणजे उजेड कमी पडतोय, पिवळट झाली म्हणजे जास्त होतोय. छान पोपटी-हिरवी असतील तर टेन्शन नको. एसीचा थेट झोत मात्र टाळा.

एक गंमत सांगते. टपोऱ्या कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळायला लागल्या, तर जवळपास आंब्याची पेटी किंवा केळ्यांचा घड आहे का बघा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कळ्यांना तो अजिबात सोसत नाही. हापूस आणि ऑर्किड, दोघांची रूम वेगळी!

आता दांड्याचं काय करायचं? फुलं गळल्यावर दांडा हिरवा असेल आणि झाड दणकट असेल, तर खालून दोन-तीन पेरं सोडून कापा. त्या पेरातून नवी फांदी फुटू शकते. दांडा वाळला असेल किंवा झाड दमलेलं दिसत असेल, तर बुडापासून कापून त्याला विश्रांती द्या. नवा दांडा यायला फॅलेनॉप्सिसला काही आठवडे गार रात्री लागतात, २५ अंशांच्या खालच्या. पुणे-नाशिकची थंडी त्यासाठी झकास आहे.

मुंबईकरांनो, तुम्ही आधी डेण्ड्रोबियम घ्या. दमट उकाडा त्याला मानवतो आणि ग्रीलमध्ये हिरव्या शेडनेटखाली ते खूश असतं. याच्या उसासारख्या कांड्यांची पानं झडली, तरी कांड्या कापू नका. त्यांत पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, नव्या कोंबाला ते कामी येतं. आणि कुंडी लहानच ठेवा, थोडी अडचण झालेली त्याला आवडते. अगदी मुंबईच्या फ्लॅटसारखी!

जंगलातलं जंगलातच

ऑर्किड म्हणजे काही फक्त फॉरेनचं पाहुणं नाही. मराठीत त्याला आमरी म्हणतात. सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या झाडांच्या फांद्यांवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस लोंबतात, ती ‘सीतेची वेणी’ आपली स्वतःची आमरी आहे. बघून जीव हरखतो. पण ट्रेकला गेल्यावर ती काढून आणू नका. सालीसकट ओरबाडलेली कुणी विकत असेल, तर स्वस्त मिळतेय म्हणून घेऊही नका.

त्याला कारण आहे. आमरीची बी धुळीच्या कणासारखी असते आणि तिच्यात अन्नाचा साठा नसतो. जंगलात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ती रुजते आणि फुलायला कित्येक वर्षं घेते. शेंगेतल्या लाखो बियांपैकी मोजक्याच तगतात. आपण पाच मिनिटांत उपटलेलं रोप हे अशा सगळ्या परीक्षा पास झालेलं असतं आणि आपल्या बाल्कनीत ते बहुधा टिकत नाही. म्हणूनच देशोदेशींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या यादीत ऑर्किडचं अख्खं कुळ आहे.

शिवाय आपल्याला त्याची गरजच नाही. १९२२ मध्ये नुडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने बुरशीशिवाय, साखर घातलेल्या अगारवर ऑर्किडची बी रुजवून दाखवली. १९६० मध्ये मोरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने शेंड्याच्या बारीक तुकड्यापासून ऑर्किडची रोपं करण्याची वाट दाखवली. त्यामुळेच एकेकाळी श्रीमंतांचा शौक असलेलं ऑर्किड आज तुमच्या-माझ्या पगारात बसतं. लॅबमध्ये वाढलेलं रोप घेतलंत, की जंगलाचं काहीच जात नाही.

तर या आठवड्याचा होमवर्क. घरात किंवा ऑफिसच्या कोपऱ्यात फुलं गेलेलं एखादं ऑर्किड पडलं असेलच. आधी तो चकचकीत कागद काढा. मुळं बोटाने हलकेच दाबून बघा. टणक लागली, तर दहा मिनिटं पाण्यात बुडवा, निथळू द्या आणि पूर्वेच्या खिडकीत ठेवा. महिन्या-दोन महिन्यांत एखाद्या मुळाला हिरवंगार, तुकतुकीत टोक फुटलेलं दिसलं, की समजा मावशींचं खरं आहे. जित्तं आहे ते!