आधी प्रश्न निवडा, मग एम.टेक.

माणसाचे हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते. म्हणजेच हृदयात बसवलेली कृत्रिम झडप दिवसाला एक लाख वेळा आणि वर्षाला साधारण पावणेचार कोटी वेळा उघडझाप करते. ती एकदाही अडकून चालत नाही. अशी झडप भारतातच घडवण्याचे काम तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हृदयशल्यचिकित्सक डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात सुरू झाले. पहिल्या तीन रचना फसल्या. अडचण शस्त्रक्रियेच्या कौशल्याची नव्हती, तर कोणता पदार्थ किती झिजतो, कुठे तडकतो आणि रक्ताला किती मानवतो याची होती. अभियंते आणि डॉक्टर एकत्र बसून राहिले, म्हणून चौथी रचना टिकली. डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाला बसवली गेली. तिचा लाभ आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांना झाला आहे.

अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करताना हे उदाहरण समोर ठेवायला हवे. कारण असे काम चार वर्षांच्या बी.टेक.मध्ये होत नाही. एकाच प्रश्नाला चिकटून राहण्याची सवय पदव्युत्तर टप्प्यावर लागते. आपल्याकडे मात्र हा टप्पा बऱ्याचदा ‘कॅम्पसमध्ये नोकरी लागली नाही म्हणून’ निवडला जातो आणि नोकरी लागताच सोडला जातो.

आधी पर्याय नीट समजून घेऊ. आयआयटी, एनआयटी आणि राज्यातील तंत्रशास्त्र विद्यापीठांतील एम.टेक. हा साधारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. पहिल्या वर्षी प्रामुख्याने विषयांचा अभ्यास आणि दुसऱ्या वर्षी प्रबंध अशी त्याची मांडणी असते. आयआयटी मुंबईत संशोधन साहाय्यक म्हणून काम करत तीन वर्षांत एम.टेक. करण्याचीही सोय आहे. त्यात प्रयोगशाळेला अधिक वेळ देता येतो. दुसरा पर्याय संशोधनावर आधारित एम.एस.चा. आयआयटी मद्रासमध्ये तो जुना आणि मुरलेला आहे. त्यात विषय कमी आणि संशोधन जास्त असते. तिसरा पर्याय बी.टेक.नंतर थेट पीएचडीचा.

या सगळ्यांचे मुख्य दार म्हणजे ‘गेट’ ही परीक्षा. तिचा गुणांक तीन वर्षे ग्राह्य धरला जातो, त्यामुळे एक वर्ष नोकरी करून परतणाऱ्यालाही तो उपयोगी पडतो. आयआयटींचे प्रस्ताव ‘कोआप’ या सामाईक संकेतस्थळावर आणि एनआयटींचे प्रवेश ‘सीसीएमटी’मार्फत होतात. महाराष्ट्रात सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत गेट उत्तीर्णांना प्राधान्य मिळते. उरलेल्या जागांवर गेट न दिलेल्यांनाही प्रवेश मिळतो, पण ‘एआयसीटीई’चे विद्यावेतन त्यांना मिळत नाही. घरची परिस्थिती बेताची असलेल्या विद्यार्थ्याने हा फरक प्रवेशाआधीच लक्षात घ्यावा.

आरोग्याच्या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी वाटा आणखी रुंद आहेत. आयआयटी मुंबईत जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे एम.टेक. आहे. आयआयटी मद्रास, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि श्री चित्रा संस्था यांनी मिळून क्लिनिकल इंजिनीअरिंगचा अभ्यासक्रम उभा केला. विद्यार्थी तिथे वर्गाबरोबरच रुग्णालयातही शिकतो. खरगपूरच्या आयआयटीने तर एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांसाठीच तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला. आपल्या राज्यात आयआयटी मुंबईतील ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र २०१४ मध्ये राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने सुरू झाले. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी त्याला जोडले गेले. म्हणजे या कामासाठी मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. शिवाय वैद्यकीय उपकरणासाठी जैववैद्यकीय शाखाच हवी असेही नाही. यंत्र, धातुशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, रसायन अशा कोणत्याही शाखेतून प्रबंधाचा विषय तिकडे वळवता येतो.

मग अडते कुठे? पहिली अडचण पैशाची. एम.टेक.चे विद्यावेतन महिना १२,४०० रुपयांवर अनेक वर्षे थांबून राहिले. त्याच काळात पीएचडीची कनिष्ठ संशोधन फेलोशिप २०१९ मध्ये ३१,००० आणि २०२३ मध्ये ३७,००० रुपये झाली. पीएचडीची वाढ योग्यच होती. पण पुण्यामुंबईत १२,४०० रुपयांत खोली, खानावळ आणि प्रवास भागवायचा म्हटला, की घरून पैसे मागवणे आले. चोविसाव्या वर्षी घरून पैसे मागवण्यापेक्षा मिळेल ती नोकरी बरी, असे एखाद्याला वाटले तर त्याला दोष कसा द्यायचा?

दुसरी अडचण गळतीची. सार्वजनिक क्षेत्रातील अनेक कंपन्या गेटच्याच गुणांवर भरती करतात. तिथून बोलावणे आले की अभ्यासक्रम अर्धवट सुटतो आणि तोवर प्रवेशाची मुदत उलटल्याने ती जागा वाया जाते. २०१९ मध्ये आयआयटी परिषदेने या गळतीवर उपाय म्हणून एम.टेक.चे शुल्क बी.टेक.च्या पातळीवर नेण्याचा मार्ग सुचवला होता. रोगापेक्षा औषध जालीम, अशातला तो प्रकार. शुल्क वाढवले तर सोडून जाणारे थांबतील की नाही सांगता येत नाही, पण गरीब घरातला विद्यार्थी दारातूनच परतेल हे नक्की.

खरा उपाय दुसऱ्या वर्षाला बळ देण्याचा आहे. प्रबंधाच्या काळात विद्यावेतन वाढवावे. विषय रुग्णालये, कारखाने, पाणीपुरवठा अशा ठिकाणांहून यावेत आणि त्या ठिकाणचा जाणकार सहमार्गदर्शक असावा. केंद्राने २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरण मंजूर केले, त्यात कुशल मनुष्यबळाचा उल्लेख आहे. हे मनुष्यबळ प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षे टिकून राहिले तरच तयार होते. मोठ्या रुग्णालयांतील महागड्या यंत्रांपैकी बरीचशी आजही बाहेरून येतात आणि त्यांचा खर्च शेवटी रुग्णाच्या बिलात उतरतो. म्हणून हा प्रश्न फक्त अभियंत्यांपुरता उरत नाही.

विद्यार्थ्यांनीही संस्थेच्या नावाआधी तीन गोष्टी विचाराव्यात. मला कोणत्या प्रश्नावर काम करायचे आहे? त्यावर तिथे सध्या कोणते प्राध्यापक काम करतात? त्यांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या विद्यार्थ्यांशी एकदा फोनवर बोलले तरी मिळते. नामांकित संस्थेत मनाविरुद्धचा विषय घेऊन दोन वर्षे काढण्यापेक्षा, थोड्या कमी नावाच्या विद्यापीठात चांगल्या मार्गदर्शकाकडे केलेले काम पुढे जास्त उपयोगी पडते.

आपल्याकडे पदवीधर अभियंते भरपूर आहेत. तीन रचना फसल्यावरही चौथी करून पाहणारे अभियंते मात्र कमी आहेत. त्यांना घडवणारी दोन वर्षे विद्यार्थ्याने नाइलाज म्हणून काढू नयेत आणि सरकारनेही ती १२,४०० रुपयांत उरकू नयेत.