दुकान नाही, पण दुकानदार तुम्हीच!

रविवारची दुपार. येरवड्यातल्या आमच्या फ्लॅटवर मिसळ हाणून मस्त लोळायचा बेत होता. तेवढ्यात रूममेटचा मोबाइल वाजला. पलीकडे कोल्हापूरच्या एक काकू. "अगं पोरी, मी निळी डबल चादर मागवली होती. आली सिंगल, ती पण गुलाबी! लेकीला लग्नात द्यायची होती गं." रूममेट एकदम गप्प. कारण ती चादर तिनं स्वतःच कधी पाहिली नव्हती!

सांगते. आमची ही मॅडम दिवसा आयटी कंपनीत टेस्टिंग करते आणि रात्री दहानंतर 'बिझनेसवुमन' होते. धंद्याचं नाव ड्रॉप शिपिंग. फंडा एकदम सिंपल. ऑनलाइन मार्केटप्लेसवर फोटो टाकायचे, ऑर्डर आली की सुरतच्या सप्लायरला कळवायचं, तो परस्पर गिऱ्हाइकाकडे पार्सल धाडणार. ना गोडाऊन, ना स्टॉक, मधलं मार्जिन आपलं! पहिल्या महिन्यात तिनं आम्हाला पार्टी दिली. दुसऱ्या महिन्यात काकूंचा फोन आला.

खरा झटका तर पुढेच होता. काकूंनी पार्सलचा फोटो पाठवला. आत भलत्याच दुकानाची स्लिप आणि पाकिटावर छापील एमआरपी ५९९ रुपये. मॅडमनी लावले होते ७९९! सप्लायरनं हात वर केले, "गेलेला माल परत घेत नाही." काकूंनी तक्रार केली, मॅडमचं अकाउंट बंद झालं आणि आधीच्या ऑर्डर्सचे पैसेही अडकले.

"पण चूक त्याची आहे ना यार!" ती रडकुंडीला आली. मलाही तसंच वाटत होतं. मग आम्ही दोघी नियम काढून बसलो आणि आमचे चेहरे पडले.

ड्रॉप शिपिंग हा काही गुन्हा नाही. पण ॲमेझॉनचं धोरण बघा. गिऱ्हाइकाच्या लेखी विक्रेते तुम्हीच असायला हवेत. बिल, स्लिप आणि बाहेरचं पॅकिंग, सगळीकडे तुमचंच नाव. दुसऱ्या रिटेल दुकानातून माल घेऊन त्याच्याच स्लिपसकट परस्पर पाठवला, तर चालत नाही. ईबेचंही साधारण तेच. होलसेल सप्लायरकडून माल पाठवा, पण दुसऱ्या रिटेलरकडून किंवा मार्केटप्लेसवरून परस्पर नको.

आता आपला कायदा. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार माल खराब निघाला, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला किंवा ठरल्यापेक्षा उशिरा पोचला, तर मार्केटप्लेसवरचा विक्रेता तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. 'सप्लायर ऐकत नाही' हे कारण त्यात कुठेच नाही! आणि पाकीटबंद माल छापील एमआरपीपेक्षा जास्त भावानं विकणं मुळात बेकायदा. म्हणजे मॅडमचं ते दोनशे रुपयांचं 'जास्तीचं मार्जिन' कमाई नव्हतीच, तो गुन्हा होता.

जीएसटीचं गणितही समजून घ्या. पार्सल एकदाच प्रवास करतं, पण विक्री दोनदा होते. सप्लायरकडून तुम्हाला आणि तुमच्याकडून गिऱ्हाइकाला. म्हणून बिलंही दोन. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरलेल्या मर्यादेच्या आतली उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्यांना मार्केटप्लेसवर आपल्याच राज्यात माल विकायला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, फक्त पोर्टलवर नावनोंदणी लागते. राज्याबाहेर विकायचं असेल तर मात्र नोंदणी हवीच.

तेव्हा तुमच्याही डोक्यात हा साइड बिझनेस घोळत असेल, तर आधी एवढं करा:

- विकायची प्रत्येक वस्तू एकदा स्वतःच्या पत्त्यावर मागवा. रंग, माप, एमआरपी डोळ्यांनी बघा.

- परत आलेला माल कोण घेणार आणि खर्च कुणाचा, हे सप्लायरकडून लेखी घ्या.

- पार्सलवर नाव कुणाचं जाणार, हे आधीच पक्कं करा.

- वस्तू कुठल्या देशात बनली, हे लिस्टिंगमध्ये द्यावंच लागतं. माहीत नसेल तर विचारा, ठोकून देऊ नका.

- मैत्रिणींकडून खोटे फाइव्ह स्टार रिव्ह्यू? नियमांनी बंदी आहे.

- ऑफिसचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. जोडधंद्यावर बंदीचं कलम बऱ्याच जणांच्या लेटरमध्ये असतं.

आणि आपण खरेदी करत असू तर? विक्रेता हात झटकायला लागला की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन लावायचा.

शेवटी मॅडमनी काय केलं? काकूंचे ७९९ रुपये स्वतःच्या पगारातून परत केले. मग मला घेऊन लक्ष्मी रोडला गेली, निळी डबल चादर निवडली, दुकानातच पूर्ण उलगडून बघितली. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता जाता स्पीड पोस्टानं पाठवून दिली. लग्नाच्या दोन दिवस आधी पोचली. तोट्याचा सौदा, मान्य. पण त्या चादरीचा रंग कसा आहे, हे या वेळी तिला माहीत होतं.

अकाउंट अजून बंदच आहे. ते सुरू झालं, तर पहिलं पार्सल आमच्याच फ्लॅटवर येणार, असं ठरलंय!