तारीख चुकली, मग फोन कोणी केला?

फुफ्फुसाचा कॅन्सर बहुतेक वेळा उशिराच सापडतो. पण वेळेत सापडला, तर काय करायचं याबद्दल डॉक्टरांत फारसा वाद नाही: रुग्णाला झेपत असेल तर गाठीसकट फुफ्फुसाचा तेवढा भाग काढून टाकायचा. म्हणूनच १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पीटर बाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलेले आकडे अमेरिकी वैद्यकविश्वाला झोंबले. सुमारे ११ हजार रुग्ण, सगळ्यांचा आजार सुरुवातीच्या टप्प्यातला. सगळे पासष्टीचे किंवा त्यापुढचे, म्हणजे मेडिकेअर या सरकारी विम्याचे लाभार्थी. ‘बिचाऱ्यांकडे विमा नसेल’ ही पळवाटही बंद. तरीही गोऱ्यांपैकी ७६.७ टक्क्यांची शस्त्रक्रिया झाली, कृष्णवर्णीयांपैकी ६४ टक्क्यांची. पाच वर्षांनी गोऱ्यांतले ३४.१ टक्के हयात होते, कृष्णवर्णीयांतले २६.४ टक्के.

ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यात मात्र जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. म्हणजे फरक रक्तात किंवा जनुकात शोधायचं कारण नव्हतं. तो निदान आणि शस्त्रक्रिया यांच्या मधल्या काही आठवड्यांत कुठेतरी पडत होता.

त्या आठवड्यांत काय होतं? एक उत्तर रुग्णांकडे बोट दाखवतं. २००३ च्या एका पाहणीत ६१ टक्के आफ्रिकन-अमेरिकन रुग्णांनी सांगितलं, की छाती उघडून आत हवा लागली की कॅन्सर पसरतो. आपण हसू नये. ‘चाकू लागला की गाठ भडकते’ हे आपल्याकडच्या ओपीडीबाहेरच्या बाकांवरही ऐकू येतं. ज्या वस्तीत माणसं उशिरा दवाखान्यात पोचतात, तिथे शस्त्रक्रियेनंतर लगेच गेलेले शेजारी सगळ्यांनी पाहिलेले असतात. त्यात अलाबामातल्या टस्कीगीची आठवण. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने तिथल्या सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं, पेनिसिलिन हाताशी आल्यावरसुद्धा. डॉक्टरांवर विश्वास कसा बसावा?

पण ‘अविश्वास’ हे उत्तर रुग्णालयांच्या फारच सोयीचं आहे. सॅम्युअल सायकर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात मांडलेल्या अभ्यासात दिसलं, की नेहमीचा डॉक्टर नसलेले कृष्णवर्णीय रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोचण्याआधीच गळतात. शिवाय मधुमेह, रक्तदाब असे दोन-तीन आजार सोबत असले की त्यांची शस्त्रक्रिया क्वचितच होते. गोऱ्यांच्या बाबतीत तेच आजार तितके आड येत नव्हते. हे टेबलाच्या डॉक्टरांच्या बाजूला घडतं, आणि बहुधा कोणाच्याही मनात वाईट हेतू नसताना.

नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोने यावर जे करून पाहिलं, ते खरं तर पहिल्या पानावर यायला हवं होतं. या गावाचा इतिहास साधा नाही. १९६० मध्ये वूलवर्थच्या खाण्याच्या काउंटरवर चार कृष्णवर्णीय विद्यार्थी ठाण मांडून बसले ते इथेच. दातांचे डॉक्टर जॉर्ज सिमकिन्स आणि त्यांच्या साथीदारांनी १९६२ मध्ये मोझेस कोन रुग्णालयावर खटला भरला तोही इथेच. सरकारी पैसा घ्यायचा आणि कृष्णवर्णीय डॉक्टरांना दार बंद ठेवायचं, हे चालणार नाही, असा निकाल १९६३ मध्ये लागला. वादींपैकी तेव्हा हयात असलेले डॉ. ॲल्विन ब्लाउंट यांची रुग्णालयाने जाहीर माफी मागितली, ती २०१६ मध्ये.

त्याच रुग्णालयाच्या कॅन्सर केंद्रात आणि पिट्सबर्गच्या एका केंद्रात ‘ॲक्युअर’ हा प्रयोग झाला. सोबतीला स्थानिक नागरिकांचा गट होता. नवीन औषध एकही नाही. रुग्णाची तारीख चुकली किंवा ठरलेल्या मुदतीत उपचाराचा पुढचा टप्पा गाठला गेला नाही, की संगणकावर इशारा उमटे. मग खास तयार केलेली नर्स फोन करून विचारी: काय झालं? गाडी मिळाली नाही, भीती वाटली, की डॉक्टरांचं बोलणं कळलंच नाही? डॉक्टरांसमोर त्यांच्याच विभागाचे आकडे वर्णानुसार मांडले जात. फुफ्फुस आणि स्तनाच्या कॅन्सरचे रुग्ण मिळून, पूर्वी उपचार पूर्ण होण्याचं प्रमाण गोऱ्यांत ८७.३ आणि कृष्णवर्णीयांत ७९.८ टक्के होतं. प्रयोगात ते ८९.५ आणि ८८.४ झालं. तुलना जुन्या रुग्णांशी होती, एवढी खोट धरली तरी दरी जवळपास बुजली, आणि गोऱ्यांचंही काही बिघडलं नाही.

नियमसुद्धा आंधळे असतात. २०१३ च्या सरकारी शिफारशीनुसार फुफ्फुसाच्या तपासणी-स्कॅनसाठी वय किमान ५५ आणि रोज एक पाकीट या हिशेबाने ३० वर्षांचं धूम्रपान लागे. कृष्णवर्णीय सरासरी कमी सिगारेटी ओढतात, पण त्यांना कॅन्सर कमी वयात गाठतो. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या एका मोठ्या पाहणीत, पुढे कॅन्सर निघालेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५६ टक्के गोरे या नियमात बसत होते, कृष्णवर्णीय फक्त ३२ टक्के. २०२१ मध्ये अट ५० वर्षं वय आणि २० वर्षांचं धूम्रपान अशी सैल झाली. दोन्ही गटांचे आकडे वेगळे काढले नसते, तर ही चूक दिसलीच नसती.

आणि नेमकं हे वेगळं मोजणंच आता वॉशिंग्टनला नकोसं झालं आहे. वर्णानुसार पाहणं हाच भेदभाव, असा तिथला नवा युक्तिवाद. ग्रीन्सबरोच्या पडद्यावरून तो रकाना पुसला असता, तर ८७.३ आणि ७९.८ ऐवजी ऐंशीच्या पुढचा एकच आकडा दिसला असता, आणि तो पाहून कोणीही फोन उचलला नसता. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने राष्ट्रीय आरोग्य संस्थेची शेकडो संशोधन अनुदानं रद्द केली. आरोग्यातल्या वांशिक विषमतेवरचे प्रकल्प त्यात होते. जूनमध्ये बोस्टनचे संघीय न्यायाधीश विल्यम यंग यांनी ही कृती बेकायदा ठरवली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, खटला चालू असेपर्यंत ही अनुदानं बंद ठेवण्याची मुभा सरकारला दिली.